अंजुनाबीट्स: हणजूणच्या नावाचं लंडनचं लेबल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ट्रान्स, म्हणजे क्लबांत वाजणारं एक प्रकारचं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत, ऐकणाऱ्या मराठी वाचकांकडून या लेबलबद्दल पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सर्वाधिक प्रश्न नावाबद्दल असतात, त्याखालोखाल ‘आमचा ट्रॅक ते घेतील का’ याबद्दल. क्रमाने वाचलंत तर गोष्ट उलगडत जाईल. एखादीच शंका असेल तर थेट त्या प्रश्नावर जा, संबंधित उत्तरांचे क्रमांक जागोजागी दिले आहेत.

१. अंजुनाबीट्स म्हणजे नक्की काय? बँड, रेडिओचा कार्यक्रम की कंपनी?

रेकॉर्ड लेबल, म्हणजे संगीत प्रकाशित करणारी कंपनी. जोनो ग्रँट आणि फिनलंडहून आलेला पावो सिल्यामाकी हे दोघं लंडनच्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठात शिकत होते. त्यांनी २००० साली हे लेबल सुरू केलं. त्याच वर्षी टोनी मॅकगिनेस त्यांना येऊन मिळाला आणि तिघांचा ‘अबव्ह अँड बियॉन्ड’ हा गट तयार झाला. म्हणून गट आणि लेबल यांची नावं कायम एकत्र ऐकू येतात. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गटाचं संगीत लेबलवर येतं हे खरं, तरी लेबलच्या यादीत बहुतांश काम इतर कलाकारांचं आहे. ‘ग्रुप थेरपी’ हा त्यांचा साप्ताहिक रेडिओ कार्यक्रम, त्याबद्दल प्रश्न ९ आणि १० पाहा.

२. आता कोणीही आपला ट्रॅक स्वतः सगळीकडे टाकू शकतो. मग लेबल हवंच कशाला?

ट्रॅक स्ट्रीमिंग सेवांवर चढवणं हे आता सगळ्यात सोपं काम आहे. लेबल त्याच्या आधीची आणि नंतरची कामं करतं. आलेल्या ट्रॅकांतून निवडणं, ‘ब्रेकडाउन (ताल थांबतो तो मधला भाग) थोडा लांबला आहे’ असं निर्मात्याला स्पष्ट सांगणं, मास्टरिंग (आवाजावरचं अंतिम काम), मुखपृष्ठ, करार, प्रकाशनाच्या काही आठवडे आधी डीजेंना प्रोमो पाठवणं, कोणत्या आठवड्यात काय आणायचं ते ठरवणं, आणि नंतर वर्षानुवर्षं रॉयल्टीचा हिशेब ठेवणं.

यात मला निवड सगळ्यात मोलाची वाटते. अनोळखी कलाकाराचा ट्रॅक फक्त लेबलच्या नावावर ऐकावासा वाटणं, हे भांडवल कुठल्याही जाहिरातीतून मिळत नाही. अंजुनाबीट्सने ते उभं केलं, आणि या पानावरची बहुतेक उत्तरं त्याच गोष्टीकडे येतात.

३. हे नाव गोव्यातल्या अंजुनावरूनच आहे ना?

हो. बार्देश तालुक्यातलं हणजूण, ज्याला जगभर अंजुना म्हणतात, त्याच किनाऱ्यावरून. साठच्या दशकाच्या शेवटी तिथे हिप्पी येऊ लागले. पुढे बुधवारचा बाजार आणि पौर्णिमेच्या रात्रीच्या पार्ट्या यांमुळे ते नाव इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जगात पोचलं. १८ डिसेंबर १९९४ रोजी पॉल ओकनफोल्डचा ‘गोवा मिक्स’ बीबीसी रेडिओ १ वर वाजला आणि गोवा कधीही न पाहिलेल्या ब्रिटिश तरुणांच्या कानावर तो आवाज पडला. अशा दशकाच्या शेवटी लंडनमधल्या दोन विद्यार्थ्यांनी ट्रान्सच्या लेबलला अंजुनाचं नाव दिलं.

४. म्हणजे हे गोवा ट्रान्सचं लेबल आहे?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो.

गोवा ट्रान्स घडला तो किनाऱ्यावरच्या रात्रभर चालणाऱ्या पार्ट्यांमध्ये. उष्णता आणि धूळ यांपुढे व्हायनल रेकॉर्ड टिकत नसे, म्हणून गोवा गिलसारखे डीजे डॅट या डिजिटल कॅसेटवर वाजवत. वेग साधारण मिनिटाला १४० ते १५० ठोके. रोलँड टीबी-३०३ या सिंथेसायझरच्या पिळवटणाऱ्या ओळी एकीवर एक चढत जातात, सूर पौर्वात्य वळणाचे असतात, गायन जवळपास नसतंच. संगीत थांबत नाही, फक्त रंग बदलत राहतं.

अंजुनाबीट्सचा सुरुवातीचा ट्रान्स युरोपातल्या मोठ्या क्लबांचा आहे. तिथे ताल मध्येच पूर्ण थांबतो, लांब ब्रेकडाउन येतो, त्यात एक ठसठशीत चाल उलगडते, अनेकदा गायिकेचा आवाज येतो आणि मग ताल परततो. भावना लपवायची नाही, उलट ती मध्यभागी ठेवायची, हा या शैलीचा स्वभाव आहे. नंतरच्या वर्षांत वेग उतरला आणि प्रोग्रेसिव्ह, हाउस, मंद लयीचं संगीतही यादीत आलं. चालीवरचा भर मात्र सुटला नाही.

म्हणून सायट्रान्सच्या (गोवा ट्रान्समधूनच पुढे आलेल्या शैलीच्या) अपेक्षेने कोणी अंजुनाबीट्स लावलं तर निराशा होईल. त्यांनी प्रश्न ५ कडे जावं.

५. मग गोव्याच्या पार्ट्यांतून खरोखर उभी राहिलेली लेबलं कोणती?

त्यातलीही महत्त्वाची लंडनचीच. ‘किलिंग जोक’ बँडचा बासवादक यूथ, म्हणजे मार्टिन ग्लोव्हर, याने १९९३ मध्ये ‘ड्रॅगनफ्लाय’ काढलं. सायमन पोसफर्डचा, म्हणजे हॅल्युसिनोजेनचा, ‘ट्विस्टेड’ हा अल्बम १९९५ मध्ये तिथूनच आला. १९९४ मध्ये राजा राम, ग्रॅहम वुड आणि इयन सेंट पॉल यांनी ‘टिप’ सुरू केलं. राजा राम हा मूळचा ऑस्ट्रेलियातला बासरीवादक. त्याने आणि पोसफर्डने मिळून ‘श्पाँगल’ हा गट केला, ज्याचा पहिला अल्बम १९९८ चा.

किनारा गोव्याचा, संगीत तिथे वाजलेलं, पण रेकॉर्ड छापणं, वितरण आणि हिशेब लंडनचे. त्या काळात छापखाना, वितरक आणि रेकॉर्डची दुकानं जिथे होती तिथेच लेबलं झाली.

६. सुरुवात कशी झाली?

पहिलं प्रकाशन २००० सालचं ‘व्हॉल्यूम वन’. कलाकाराच्या जागी नावही ‘अंजुनाबीट्स’ असंच होतं. (यावरून होणाऱ्या घोटाळ्यासाठी प्रश्न ८.) पीट टाँग, जज ज्यूल्स, पॉल व्हॅन डाइक यांच्यासारख्या डीजेंनी तो वाजवला. नवीन लेबलसाठी त्या काळात याहून मोठी शिफारस नव्हती, कारण दुकानात जाणारा डीजे रेडिओवर कोणी काय वाजवलं ते लक्षात ठेवून रेकॉर्ड मागायचा.

टोनी मॅकगिनेस वयाने मोठा. ‘सॅड लव्हर्स अँड जायंट्स’ या बँडमध्ये त्याने गिटार वाजवली होती आणि तो वॉर्नर म्युझिकमध्ये विपणनाचं काम करत होता. ‘चक्रा’ या गटाच्या ‘होम’ या ट्रॅकचं रिमिक्स करताना तिघं एकत्र आले, आणि अबव्ह अँड बियॉन्डचं ते पहिलं काम ठरलं. गटाचं नाव मिळालं टोनीच्याच नावाच्या एका अमेरिकी प्रेरणादायी प्रशिक्षकाच्या घोषवाक्यातून. २००१ मध्ये त्यांनी मॅडोनाच्या ‘व्हॉट इट फील्स लाइक फॉर अ गर्ल’चं रिमिक्स केलं आणि गाण्याच्या अधिकृत व्हिडिओत मूळ गाण्याऐवजी तेच रिमिक्स वापरलं गेलं.

एका वर्षात एवढी झेप घेतलेले बहुतेक लोक पुढे फक्त रिमिक्सच करत बसले असते. यांनी त्या प्रसिद्धीचा उपयोग आपल्या छोट्या लेबलसाठी केला, हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो.

७. पहिल्या काही वर्षांच्या यादीत खूप नावं दिसतात. इतके कलाकार कुठून मिळाले?

बरीच नावं त्याच लोकांची आहेत. डर्ट डेव्हिल्स, फ्री स्टेट, आल्टो, पी.ओ.एस., ट्रँक्विलिटी बेस यांमागे तेच तिघं, कधी एक, कधी दोन. ‘ओशनलॅब’ म्हणजे हे तिघं आणि गायिका जस्टिन सुइसा.

क्लब संगीतात ही जुनी रीत आहे. नवं लेबल जिवंत दिसायचं तर ठराविक काळाने काहीतरी बाहेर यावं लागतं, आणि सुरुवातीला बाहेरचे कलाकार तुमच्याकडे यायला तयार नसतात. वेगळ्या नावाने वेगळी शैली करून बघता येते हा आणखी एक फायदा. बाहेरचे चांगले निर्माते येऊ लागले, उदाहरणार्थ फिनलंडचे सुपर८, तशी ही टोपणनावं मागे पडत गेली.

८. ‘व्हॉल्यूम वन’ २००० चं की २००३ चं? दोन्हीकडे वेगळं लिहिलेलं आहे.

दोन्ही बरोबर, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००० चा ‘व्हॉल्यूम वन’ हा एक ट्रॅक आहे (प्रश्न ६). २००३ पासून लेबलने ‘अंजुनाबीट्स व्हॉल्यूम’ नावाची मिक्स संकलनांची मालिका सुरू केली, तिचा पहिला भागही ‘व्हॉल्यूम वन’. सेवेवर शोधताना यादी लांब दिसली तर ते संकलन. कॅटलॉग क्रमांकावरूनही लेबलं ओळखू येतात: ‘एएनजे’ने सुरू होणारे अंजुनाबीट्सचे, ‘एएनजेडीईई’ने सुरू होणारे अंजुनाडीपचे (प्रश्न १२).

९. त्या काळात ट्रान्सची असंख्य लेबलं होती. हेच मोठं का झालं?

माझ्या मते सगळ्यात मोठं कारण रेडिओ. २००४ मध्ये अबव्ह अँड बियॉन्डने ‘ट्रान्स अराउंड द वर्ल्ड’ हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. दर आठवड्याला नवीन संगीत, एका पाहुण्या डीजेचं मिक्स आणि श्रोत्यांच्या मतांवर निवडलेला एक ट्रॅक. कार्यक्रम अनेक देशांतल्या रेडिओ केंद्रांवर आणि इंटरनेटवरून जायचा. त्यात स्वतःच्या लेबलइतकंच इतरांचंही संगीत असायचं, आणि म्हणूनच तो ऐकला जायचा. निव्वळ स्वतःचा माल दाखवणारा कार्यक्रम लोकांनी महिन्याभरात बंद केला असता.

यातून तीन गोष्टी घडल्या. लेबलवर येणार असलेला ट्रॅक श्रोत्यांना कित्येक आठवडे आधी ऐकायला मिळायचा, नाव माहीत नसायचं, आणि तो कधी येणार याची वाट बघितली जायची. दुसरं, नव्या निर्मात्यांना कळायचं की इथे ट्रॅक गेला तर तो खरोखर वाजवला जाईल, म्हणून चांगले डेमो इथे येऊ लागले. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची आहे: ज्या गावात एकही क्लब नाही तिथल्या मुलालाही हे संगीत नियमितपणे मिळू लागलं. सोलापूर, कोल्हापूर, अकोला इथल्या ज्या वाचकांनी मला लिहिलं, त्यांची ओळख डान्स फ्लोअरवर झालेली नाही. हेडफोनमध्ये, डाउनलोड केलेल्या भागांमधून झाली आहे. क्लबचं संगीत एकट्याने ऐकणाऱ्या अशा लोकांना या लेबलने आपलं मानलं. मंचावरच्या कार्यक्रमात पडद्यावर थेट टाइप होणारे संदेश, श्रोत्याला मंचावर बोलावून त्याच्या हाताने कळ दाबून ताल परत आणण्याचा प्रसंग, चाहत्यांनी स्वतःला ‘अंजुनाफॅमिली’ म्हणणं, हे सगळं त्या नात्यातून आलं.

दुसरं कारण सातत्य. २०१० नंतर मोठ्या मैदानांवरचं ‘ईडीएम’ (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) जोरात होतं तेव्हा कित्येक ट्रान्स निर्माते तिकडे वळले. अंजुनाबीट्सनेही त्या आवाजाची थोडी चव घेतली, पण मुख्य ओळख चाल आणि गीतरचना हीच ठेवली.

१०. ‘ट्रान्स अराउंड द वर्ल्ड’चा शेवटचा भाग भारतात झाला हे खरं आहे का?

खरं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बंगळुरूत, भाग क्रमांक ४५०. त्यानंतर कार्यक्रमाचं नाव बदलून ‘ग्रुप थेरपी’ झालं आणि भागांची मोजणी नव्याने सुरू झाली. म्हणजे आज चालू असलेल्या कार्यक्रमाची नाळ थेट बंगळुरूला जोडलेली आहे.

तोवर भारतात श्रोता तयार झाला होता. २००७ मध्ये कांदोळीला सनबर्न सुरू झाल्यापासून दरवर्षी डिसेंबरात पुण्या-मुंबईहून मुलांच्या झुंडी गोव्याला जात होत्या. पुढे २०१६ ला तो महोत्सवच पुण्याजवळ केसनंदला आला. पण पुष्कळ जुन्या भारतीय श्रोत्यांसाठी खरी आठवण ४५० चीच आहे.

११. व्हायनलचा धंदा बसला तेव्हा हे लेबल कसं टिकलं?

२००४ मध्ये डेन्व्हरमधून बीटपोर्ट हे संगीताच्या फाइलींचं ऑनलाइन दुकान सुरू झालं आणि डीजे फाइली विकत घेऊ लागले. बारा इंची रेकॉर्डवर चालणाऱ्या लेबलांचं उत्पन्न घसरलं. वितरकांची अवस्था त्याहून वाईट झाली. इंग्लंडमधली पिनॅकल ही मोठी स्वतंत्र वितरण कंपनी डिसेंबर २००८ मध्ये बुडाली आणि अनेक छोट्या लेबलांचे पैसे तिच्यासोबत अडकले.

अंजुनाबीट्सला रेडिओमुळे थेट श्रोता मिळालेला होता. रेकॉर्ड छापायचा खर्च गेल्याने जास्त ट्रॅक काढणं शक्य झालं. संकलनं, कार्यक्रमांची तिकिटं, कपडे, आणि पुढे स्ट्रीमिंग अशा वेगवेगळ्या वाटांनी पैसा येत राहिला. एकाच वाटेवर अवलंबून असलेली लेबलं त्या काळात गेली.

१२. अंजुनाडीप वेगळं का काढलं?

२००५ मध्ये, कारण ट्रान्सच्या श्रोत्याला मंद, खोल हाउस पाठवलं तर तो गोंधळतो, आणि हाउसचा डीजे ट्रान्सच्या लेबलवरचा ट्रॅक उघडूनही बघत नाही. वेगळ्या नावामुळे दोघांची सोय झाली. त्याची धुरा जोनोचा भाऊ जेम्स ग्रँट सांभाळतो. वार्षिक संकलनं २००९ पासून सुरू झाली, आणि पुढे ती जेम्स आणि ब्रिस्टलच्या ‘वे आउट वेस्ट’ गटातला जोडी विस्टरनॉफ यांनी मिळून केली.

पोटलेबल बहुतेक वेळा मुख्य लेबलमध्ये न बसणाऱ्या उरल्यासुरल्या गोष्टींची जागा होऊन बसतं. इथे उलटं झालं. डस्की, लेन ८, योट्टो, बेन बोमर यांच्यामुळे अंजुनाडीपला स्वतःचा श्रोता मिळाला, इतका की त्यातल्या अनेकांनी अंजुनाबीट्स कधी ऐकलेलंच नसतं. २०१९ पासून अल्बानियातल्या ढर्मी इथे त्यांचा ‘एक्सप्लोरेशन्स’ महोत्सवही भरू लागला.

१३. ‘स्वतंत्र’ लेबल म्हणजे नेमकं काय? मोठ्या कंपन्यांशी काहीच संबंध नसतो का?

स्वतंत्र म्हणजे युनिव्हर्सल, सोनी किंवा वॉर्नर या तीन मोठ्या कंपन्यांच्या मालकीचं नसलेलं. संबंध मुळीच नसतो असा त्याचा अर्थ नाही. मॅट झोचा २०१३ चा ‘डॅमेज कंट्रोल’ हा अल्बम अंजुनाबीट्स आणि ॲस्ट्रलवर्क्स यांनी मिळून आणला, आणि ॲस्ट्रलवर्क्स मोठ्या कंपनीच्या छत्राखालचं. एका अल्बमसाठी भागीदारी करणं आणि लेबल विकणं यांत फरक आहे. स्पिनिन रेकॉर्ड्स हे नेदरलँड्सचं प्रचंड यशस्वी डान्स लेबल २०१७ मध्ये वॉर्नरने विकत घेतलं, ते विकण्याचं उदाहरण.

मालकी हातात असली की काय बदलतं? संयम ठेवता येतो. एखादा निर्माता तीन वर्षं हळूहळू वाढत असेल तर त्याला तसं वाढू देता येतं.

१४. ग्रॅमी मिळालं आहे का?

नामांकनं मिळाली आहेत. वर उल्लेख केलेला ‘डॅमेज कंट्रोल’ उत्कृष्ट डान्स अल्बमच्या विभागात, आणि अबव्ह अँड बियॉन्डचे ‘वी आर ऑल वी नीड’ आणि ‘नॉर्दर्न सोल’ हे डान्स रेकॉर्डिंगच्या विभागात. गटाचा ‘कॉमन ग्राउंड’ २०१८ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत तिसऱ्या क्रमांकावर आला होता.

१५. नाव झालं की कलाकार सोडून जातात. लेबलचं नुकसान होत नाही का?

होतं. लेन ८ ने २०१५ मध्ये ‘राइज’ हा अल्बम अंजुनाडीपवर केला आणि पुढच्याच वर्षी ‘धिस नेव्हर हॅपन्ड’ हे स्वतःचं लेबल काढलं. मॅट झोनेही स्वतःचं ‘मॅड झू’ काढलं. आर्टीची मोठी ओळख २०११ च्या ‘अराउंड द वर्ल्ड’ने इथेच झाली आणि नंतर तो बराच काळ इतरत्र रमला. पण त्यांचे जुने ट्रॅक यादीत राहतात, ऐकले जातात, आणि ‘याची सुरुवात इथे झाली’ हे पाहून पुढचा निर्माता डेमो पाठवतो. त्यामुळे जाणाऱ्याला कडवटपणा न ठेवता जाऊ देणं लेबलच्याही फायद्याचं ठरतं.

१६. ‘एबीजीटी’च्या पुढचे आकडे काय सांगतात?

‘ग्रुप थेरपी’चा भाग क्रमांक. साधारण दर पन्नास भागांनी एक मोठा कार्यक्रम होत आला आहे: १०० न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये (२०१४), १५० सिडनीला, २०० ॲम्स्टरडॅमला, २५० अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या द गॉर्जला, ३०० हाँगकाँगला, ३५० प्रागला. ४०० आला तो २०२० मध्ये, महासाथीच्या काळात. प्रेक्षकांशिवाय, टेम्स नदीवरून थेट प्रक्षेपण. सप्टेंबरातली ती संध्याकाळ घरात अडकलेल्या कितीतरी लोकांना आधार देऊन गेली.

१७. ताल नसलेले अल्बमही त्यांचेच का?

हो. २०१४ आणि २०१६ चे अकूस्टिक अल्बम, आणि २०१९ चा ‘फ्लो स्टेट’, जो योग आणि ध्यानासाठी आहे. गाणी पियानो आणि तंतुवाद्यांवरही उभी राहतात की नाही याची ती परीक्षा होती, आणि माझ्या कानांना ती उत्तम उतरली.

१८. पहिल्यांदाच ऐकणार आहे. कुठून सुरू करू?

गाणी आवडत असतील तर ओशनलॅबचा ‘सायरन्स ऑफ द सी’ (२००८) आणि मग ‘ग्रुप थेरपी’ (२०११) हा अल्बम. तो त्याच नावाच्या कार्यक्रमाच्या आधीचा आहे, गल्लत करू नका. काम करताना लावायला काही हवं असेल तर अंजुनाडीपचं कुठलंही वार्षिक संकलन. जुना, वेगवान ट्रान्स हवा असेल तर ‘अंजुनाबीट्स व्हॉल्यूम’चे पहिले काही भाग. हे संगीत तुकड्यांत ऐकू नका, मिक्स सलग ऐका.

१९. मी नाशिकमध्ये घरीच ट्रॅक बनवतो. त्यांना डेमो कसा पाठवू?

कुठे पाठवायचा ते लेबलच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा. समाजमाध्यमांवर ‘मी तुमचा ट्रॅक पोचवतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहा. खरं लेबल डेमो ऐकायचे पैसे घेत नाही.

एक किंवा दोनच ट्रॅक पाठवा, सर्वांत चांगले. फाइल जोडण्याऐवजी खाजगी स्ट्रीमिंग दुवा द्या. संदेशात नाव, गाव, आधीचं महत्त्वाचं काम आणि संपर्क एवढं पुरे, आत्मचरित्र नको. एकाच मेलमध्ये वीस लेबलांचे पत्ते घालू नका. मास्टरिंग स्वतः करून आवाज फुगवण्यापेक्षा मिक्स स्वच्छ असणं जास्त महत्त्वाचं, अंतिम मास्टरिंग लेबल करून घेतं. डीजेला मिसळता येईल अशी सुरुवात आणि शेवट असलेली लांब आवृत्ती तयार ठेवा.

आणि पाठवण्यापूर्वी लेबलची गेल्या वर्षभरातली प्रकाशनं ऐका. २००४ च्या अंजुनाबीट्ससारखा हुबेहूब ट्रॅक आज पाठवणारे बरेच असतात. त्यांना तो ट्रॅक आधीच मिळालेला आहे, वीस वर्षांपूर्वी. उत्तर आलं नाही तर तो नकार समजा आणि पुढचा ट्रॅक करा.

२०. तो ट्रॅक मी आधीच स्वतः प्रकाशित केला असेल तर?

शक्यतो वेगळा पाठवा. लेबलला पहिल्या प्रकाशनाचा हक्क हवा असतो, आणि त्याच ध्वनिमुद्रणाला आधीचा आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक), आधीचा वितरक आणि कदाचित सामग्री-ओळख प्रणालीत आधीची नोंद असते. ते सगळं काढून घेणं त्रासाचं असतं. डीजे सेटमध्ये वाजवलेला पण कधीच प्रकाशित न केलेला ट्रॅक चालतो.

२१. ट्रॅकमध्ये जुन्या अभंगाचं सँपल घेतलं आहे. तुकाराम महाराजांच्या शब्दांवर तर कोणाचा हक्क नाही ना?

शब्दांवर नाही. पण तुम्ही शब्द घेतलेले नाहीत, ध्वनिमुद्रण घेतलेलं आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क संगीत कंपनीचा असतो आणि भारतात तो प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. चाल एखाद्या संगीतकाराने बांधलेली असेल तर तिचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. परवानगीशिवायचं सँपल असलेला ट्रॅक कोणतंही जबाबदार लेबल घेणार नाही, कारण करारात ‘हे सर्व माझं आहे’ अशी हमी तुम्हीच देता.

वाट आहे. अभंगाचे शब्द घ्या, पारंपरिक किंवा स्वतःची चाल घ्या, आणि गावातल्या एखाद्या वारकरी गायकाकडून नव्याने गाऊन घ्या. त्यांच्याशी लेखी करार करा, मानधन द्या, श्रेयात नाव घाला. ट्रॅकही अधिक तुमचा होईल.

२२. लग्नात किंवा महाविद्यालयाच्या कार्यक्रमात लेबलचं संगीत वाजवायला परवानगी लागते का?

लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावलेला कार्यक्रम, क्लब, हॉटेल यांना ती लागू नाही. तिथे ध्वनिमुद्रणाचा आणि रचनेचा परवाना वेगवेगळा लागतो, रचनेसाठी आयपीआरएस या संस्थेचा. ही आयोजकाची जबाबदारी, डीजेची नव्हे, पण कार्यक्रम ठरवताना डीजेने विचारून घ्यावं. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम याहून वेगळा आणि परवाना असला तरी लागू.

२३. आम्ही चौघं मित्र पुण्यात लेबल काढतो आहोत. या गोष्टीतून काय घ्यावं?

पहिलं वर्ष स्वतःच्याच संगीतावर काढायची तयारी ठेवा (प्रश्न ७). ठराविक दिवशी येणारा कार्यक्रम सुरू करा, इंटरनेटवर का असेना, आणि त्यात इतरांचं संगीतही वाजवा. आयएसआरसी क्रमांक वितरकाकडून मिळतो किंवा भारतात इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संस्थेकडून घेता येतो.

मित्र असलात तरी प्रत्येक ट्रॅकचा करार लेखी करा. भारतीय कायद्यानुसार हक्क हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. बाहेरच्या देशात ट्रॅक चालला आणि कागदावर देशच लिहिलेला नाही, अशा अवस्थेत मैत्री टिकणं अवघड होतं.

२४. आमचं घरच हणजूणला आहे. लेबलच्या नावात ‘अंजुना’ वापरता येईल ना?

गावाचं नाव गावाचं आहे आणि ते कोणाच्या मालकीचं होत नाही. आपल्या ट्रेडमार्क कायद्यात केवळ ठिकाण दर्शवणारं नाव सहसा नोंदवता येत नाही. पण दीर्घ वापराने त्या नावाला व्यवसायाची स्वतंत्र ओळख मिळाली असेल तर नोंदणी शक्य असते, आणि संगीताच्या क्षेत्रात ‘अंजुना’ म्हटल्यावर जगभरच्या श्रोत्याला कोण आठवतं ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या कॅफेचं किंवा गेस्ट हाउसचं नाव अंजुना असणं वेगळं आणि ट्रान्सच्या लेबलचं असणं वेगळं. श्रोत्याची गल्लत होऊ शकते का, हाच प्रश्न विचारला जाईल. नाव ठरवण्यापूर्वी ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर वर्ग ९ (ध्वनिमुद्रणं) आणि ४१ (करमणूक सेवा) मध्ये शोध घ्या आणि वकिलाचा सल्ला घ्या. शिवाय हणजूणमध्येच वाड्यांची, चर्चची, टेकडीची कितीतरी नावं आहेत जी अजून कोणत्याही रेकॉर्डवर छापली गेलेली नाहीत.